दुसऱ्या पसंतीचं सरकार

पदवीधर किंवा शिक्षक मतदारसंघाची मतमोजणी ज्यांनी जवळून पाहिली आहे, त्यांना तो ताण ठाऊक असतो. पहिल्या पसंतीची मतं मोजून होतात, कुणीतरी आघाडीवर असतो, पण कोटा पूर्ण होत नाही. मग सर्वांत मागे असलेला उमेदवार बाद होतो, त्याचे गठ्ठे पुन्हा सोडले जातात आणि प्रत्येक मतपत्रिकेवर २ हा आकडा कुणापुढे लिहिलाय ते शोधलं जातं. कधी कधी पहाट होता होता पुढचा मागे पडतो आणि मागचा पुढे येतो. आपल्याकडे सामान्य मतदारांच्या निवडणुकीत ही धाकधूक विधान परिषदेच्या सात पदवीधर आणि सात शिक्षक जागांपुरती असते. पण एका अख्ख्या प्रांताचं सरकार अशा मोजणीवर ठरायचं झालं तर काय होईल?

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात १९५२ साली ते घडलं. १२ जून रोजी मतदान झालं. विधानसभेच्या ४८ जागांपैकी पहिल्या पसंतीच्या मोजणीत समाजवादी विचारांचा सीसीएफ हा पक्ष २१ जागांवर पुढे होता. सोशल क्रेडिट नावाचा नवखा पक्ष १४ जागांवर, लिबरल ९ जागांवर आणि कॉन्झर्व्हेटिव्ह अवघ्या ३ जागांवर. एका जागेवर मजूर पक्षाचा म्हातारा खाणकामगार. नेहमीच्या पद्धतीची निवडणूक असती, तर सीसीएफच्या नेत्यानं त्याच रात्री सरकार बनवायची तयारी सुरू केली असती. पण पुढची मोजणी सुरू व्हायलाच जुलै उजाडला. बाहेरगावी असलेल्या मतदारांची मतं जमा होईपर्यंत कुणालाही बाद करता येत नव्हतं. फेऱ्यांमागून फेऱ्या झाल्या आणि अखेरचा हिशेब लागला तेव्हा सोशल क्रेडिट १९, सीसीएफ १८, लिबरल ६, कॉन्झर्व्हेटिव्ह ४, मजूर १. सोशल क्रेडिटला स्वतःचा प्रांतिक नेताही नव्हता. मुख्यमंत्रिपदाचा उमेदवार न सांगता तो निवडणुकीत उतरला होता आणि सर्वांत मोठा पक्ष ठरला होता.

त्यातली आश्चर्याची बाब पुढेच आहे. मतमोजणीची ही पद्धत मुळात सोशल क्रेडिटसाठी आणलीच नव्हती. ती आणली होती लिबरल आणि कॉन्झर्व्हेटिव्ह या दोन जुन्या पक्षांनी, सीसीएफला सत्तेबाहेर ठेवण्यासाठी.

हे नीट समजायला आधी तो मुलूख डोळ्यांपुढे आणायला हवा. ब्रिटिश कोलंबिया म्हणजे कॅनडाचा पश्चिम किनारा. क्षेत्रफळ सुमारे साडेनऊ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या तिपटीहून थोडं अधिक. आणि १९५१च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या होती ११ लाख ६५ हजार. एवढ्या विस्तारात एवढी थोडी माणसं, आणि त्यांतलीही बरीचशी दक्षिणेच्या कोपऱ्यात, व्हँकूव्हर आणि व्हिक्टोरियाच्या आसपास. उरलेला मुलूख म्हणजे डोंगररांगा, खोरी, देवदाराची अरण्यं, सामन माशांच्या नद्या. दोन गावांच्या मधे एखादी पर्वतरांग आडवी पडलेली, आणि हिवाळ्यात घाट बर्फानं बंद.

अशा प्रदेशात मतदारसंघ नकाशावर पट्टीनं आखता येत नाहीत. खोरं जसं वळेल तसा मतदारसंघ वळतो. ४८ जागांसाठी ४१ मतदारसंघ होते. त्यांतल्या छत्तीस ठिकाणांहून एकेक सदस्य निवडला जाई. पाच शहरी मतदारसंघ मात्र बहुसदस्यीय होते: व्हिक्टोरिया आणि व्हँकूव्हर-पॉइंट ग्रे इथून प्रत्येकी तीन, तर व्हँकूव्हरच्याच सेंटर, ईस्ट आणि बरार्ड या भागांतून प्रत्येकी दोन. एकीकडे पॉइंट ग्रेसारखा विद्यापीठाच्या शेजारचा, सुखवस्तू वस्तीचा, दाट मतदारसंघ, तर दुसरीकडे अलास्का आणि युकॉनच्या सीमेला भिडलेला अ‍ॅटलिन. तिथे कित्येक मैल चालल्यावर एखादा मतदार भेटायचा. दोघांचेही प्रतिनिधी व्हिक्टोरियाच्या त्याच दगडी इमारतीत, एकाच सभागृहात बसत. या प्रांताला विधान परिषद नाही, त्यामुळे जे काय व्हायचं ते या ४८ जणांतच.

१९४१ सालच्या निवडणुकीत कुणालाच बहुमत मिळालं नव्हतं. तेव्हा लिबरल आणि कॉन्झर्व्हेटिव्ह यांनी हातमिळवणी करून संयुक्त सरकार बनवलं. महायुद्ध सुरू होतं, हे एक कारण. दुसरं कारण सीसीएफ. शेतकरी, कामगार आणि समाजवादी यांच्या एकत्र येण्यातून १९३२ साली जन्मलेल्या या पक्षानं शेजारच्या भागात मुळं धरली होती. १९४४ साली टॉमी डग्लस यांच्या नेतृत्वाखाली सस्कॅचेवान प्रांतात त्यानं सरकारही बनवलं. उत्तर अमेरिकेतलं ते पहिलं समाजवादी सरकार. ब्रिटिश कोलंबियातल्या लाकूड, खाण आणि वीज कंपन्यांच्या मालकांना तेच आपल्याकडे होईल असं वाटू लागलं. १९४५ आणि १९४९ या दोन्ही निवडणुका आघाडीनं जिंकल्या. १९४९ साली तर ४८ पैकी ३९ जागा.

पण युद्ध संपल्यावर दोन घरचे पाहुणे एकाच ताटात किती दिवस जेवणार? मुख्यमंत्री लिबरल पक्षाचे बायरन जॉन्सन, अर्थमंत्री कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे हर्बर्ट अ‍ॅन्सकोम. विक्रीकर आला, सक्तीचा रुग्णालय विमा आला, त्याचे हप्ते वाढले, लोक चिडले. जानेवारी १९५२ मध्ये जॉन्सन यांनी अ‍ॅन्सकोम यांना मंत्रिमंडळातून काढून टाकलं आणि आघाडी मोडली. आता दोघांनाही वेगवेगळं लढायचं होतं. पण मतं फुटली तर सीसीएफ तीस-पस्तीस टक्क्यांवर निवडून येणार, ही भीती तशीच होती. तिच्यावरचा तोडगा आघाडी टिकून असतानाच, १९५१ साली कायदा करून तयार ठेवलेला होता. मतपत्रिकेवर फुली न मारता १, २, ३ असे आकडे लिहायचे. लिबरल मतदार दुसरी पसंती कॉन्झर्व्हेटिव्हला देईल, कॉन्झर्व्हेटिव्ह मतदार लिबरलला. दोघं मिळून पन्नास टक्के ओलांडतील. सीसीएफ बाहेर.

कागदावर हिशेब चोख होता. तो कुठे फसला ते एका कल्पित मतदारसंघावरून सहज दिसतं. समजा दहा हजार मतं पडली. सीसीएफला ३,४००, सोशल क्रेडिटला २,८००, लिबरलला २,५००, कॉन्झर्व्हेटिव्हला १,३००. पाच हजारांवर कुणीच नाही, म्हणून कॉन्झर्व्हेटिव्ह बाद. त्याच्या १,३०० मतपत्रिकांपैकी ४०० लिबरलकडे गेल्या, पण ७०० गेल्या सोशल क्रेडिटकडे. उरलेल्या २०० जणांनी दुसरा आकडा लिहिलाच नव्हता. आता सोशल क्रेडिट ३,५००, सीसीएफ ३,४००, लिबरल २,९००. मग लिबरल बाद. त्याच्या २,९०० पैकी १,३०० सोशल क्रेडिटला, ६०० सीसीएफला, बाकीच्या १,००० मतपत्रिकांवर पुढचा कुणीच नाही. शेवटी सोशल क्रेडिट ४,८००, सीसीएफ ४,०००. जो पहिल्या फेरीत सहाशे मतांनी मागे होता, तो आठशे मतांनी विजयी.

या उदाहरणातले आकडे माझे, पण त्या उन्हाळ्यात ब्रिटिश कोलंबियाच्या कित्येक केंद्रांवर घडलं ते असंच. कॉन्झर्व्हेटिव्ह मतदार लिबरल सरकारवर इतका रागावलेला होता की त्यानं दुसरा आकडा नव्या पक्षापुढे लिहिला. आणि सीसीएफच्या मतदारानं? भांडवलदारांच्या दोन जुन्या पक्षांपेक्षा हे शाळामास्तर, पाद्री आणि छोट्या दुकानदारांचं टोळकं बरं, असं त्यालाही वाटलं. म्हणजे जिथे सीसीएफचा उमेदवार बाद झाला, तिथे त्याचीही मतं बऱ्याच प्रमाणात सोशल क्रेडिटकडे वळली. चारही बाजूंनी या पक्षाला २ हा आकडा मिळाला. कुणाचाही तिरस्कार नसणं ही त्याची सर्वांत मोठी पुंजी होती. पहिल्या पसंतीच्या मतांची टक्केवारी पाहिली तर सीसीएफला ३०.८, सोशल क्रेडिटला २७.२. एका जागेच्या फरकानं दुसरा पुढे गेला.

मला या निकालात सर्वांत विलक्षण वाटतं ते हे की, साध्या मतदानात माणसाच्या मनातली एवढी मोठी गोष्ट दिसतच नाही. फुली मारून मोकळं झालं की ‘हा नाही तर कोण’ हा प्रश्न मतपेटीबाहेरच राहतो. १९५२च्या त्या मतपत्रिकांनी लाखो लोकांच्या मनातला तो दुसरा कप्पा उघडला आणि आत जे सापडलं ते मुरब्बी राजकारण्यांपैकी कुणालाच दिसलेलं नव्हतं. आपल्या राष्ट्रपतिपदाच्या इतिहासातही असा एक क्षण आहे. १९६९ साली व्ही. व्ही. गिरी यांना पहिल्या मोजणीत आवश्यक मतं मिळाली नव्हती, दुसऱ्या पसंतीची मतं मोजल्यावर ते निवडून आले. पण तिथे मतदार होते खासदार आणि आमदार. इथे होते लाकूडतोडे, कोळी, सफरचंदाचे बागाईतदार आणि गिरण्यांतले कामगार.

जुन्या दोन्ही पक्षांचे नेते स्वतःच्याच मतदारसंघात पडले. मुख्यमंत्री जॉन्सन न्यू वेस्टमिन्स्टरमध्ये सीसीएफच्या उमेदवाराकडून हरले. अ‍ॅन्सकोम ओक बेमध्ये हरले, तेही लिबरल उमेदवाराकडून. व्हिक्टोरियातून नॅन्सी हॉजेस पडल्या. राष्ट्रकुलातल्या कुठल्याही विधिमंडळाच्या त्या पहिल्या महिला अध्यक्ष होत्या.

आता त्या एकोणीस जणांकडे वळू. त्यांच्यात विधानसभेचा अनुभव असलेले फक्त दोघे: डब्ल्यू. ए. सी. बेनेट आणि टिली रॉल्स्टन. दोघंही आधी कॉन्झर्व्हेटिव्ह आणि दोघंही १९५१ साली आघाडी सोडून बाहेर पडलेले. बेनेट हे केलोना गावातले हार्डवेअरचे दुकानदार. ओकानागन सरोवराच्या काठचं हे गाव सफरचंद आणि पीचच्या बागांसाठी प्रसिद्ध. साउथ ओकानागन या मतदारसंघातून ते १९४१ साली पहिल्यांदा निवडून आले. कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाच्या नेतेपदासाठी दोनदा उभे राहिले, दोन्ही वेळा अ‍ॅन्सकोम यांनी त्यांना हरवलं. मधे दिल्लीला जावं तसं ओटावाला जाण्यासाठी आमदारकी सोडून खासदारकीची पोटनिवडणूक लढवली, तीही हरले. दुसरा एखादा माणूस पुन्हा खिळे-बिजागऱ्या विकायला बसला असता. बेनेट मात्र निवडणुकीला सहा महिने उरले असताना सोशल क्रेडिटमध्ये गेले.

सोशल क्रेडिटचा मूळ सिद्धान्त इंग्लंडमधले इंजिनिअर मेजर डग्लस यांचा. लोकांच्या हाती खरेदीसाठी पुरेसा पैसा नसतो म्हणून सरकारनं तो लाभांशासारखा वाटावा, असं त्याचं सूत्र. शेजारच्या अल्बर्टात १९३५पासून याच नावाच्या पक्षाची सत्ता होती. तिथूनच अर्नेस्ट हॅन्सेल नावाचे खासदार प्रचाराची सूत्रं हलवायला आले, पण ते स्वतः ब्रिटिश कोलंबियात उमेदवार नव्हते. म्हणून निकालानंतर, १५ जुलैला, नवनिर्वाचितांनी व्हँकूव्हरमध्ये जमून नेता निवडला. बेनेट निवडून आले. लाभांशाचा सिद्धान्त त्यांच्या हातात फारसा कधी उरलाच नाही. रस्ते, धरणं आणि वीज हाच त्यांचा कार्यक्रम झाला.

पण १९ म्हणजे बहुमत नव्हे. सीसीएफचे नेते हॅरल्ड विंच हेही दावा सांगून होते आणि लेफ्टनंट गव्हर्नर क्लॅरेन्स वॉलेस यांना ठरवायचं होतं. इथे कथेत शिरतात टॉम अपहिल.

फर्नी हा मतदारसंघ प्रांताच्या आग्नेय टोकाला, रॉकी पर्वताच्या कुशीत आहे. व्हिक्टोरियापासून अख्खा प्रांत आडवा ओलांडून जावं तेव्हा हे गाव येतं. क्रोज नेस्ट खिंडीतला कोळसा हे त्याचं जगणं आणि मरणही. १९०२ साली जवळच्या कोल क्रीक खाणीत स्फोट होऊन १२८ माणसं गेली होती. ब्रिस्टलमध्ये जन्मलेले अपहिल त्यानंतर चार वर्षांनी इथे आले. खाणकामगार झाले, संघटनेचं काम करू लागले, फर्नीचे महापौर झाले आणि १९२० साली आमदार. तेव्हापासून १९६०पर्यंत, सलग चाळीस वर्षं, फर्नीनं दुसऱ्या कुणालाही निवडलं नाही. पक्ष आले, मोडले, आघाड्या झाल्या, फुटल्या. अपहिल मात्र मजूर पक्षाचे एकटे सदस्य म्हणून त्याच सभागृहात बसून राहिले. या माणसाचा मतदारसंघाशी असलेला संबंध मला पक्षनिष्ठेच्या पलीकडचा वाटतो. एका खोऱ्यानं स्वतःचं दुःख ज्याच्या हाती दिलं, त्याच्याकडून ते परत घ्यावं असं त्या खोऱ्याला वाटलंच नाही.

तर बेनेट यांनी या अपहिल यांच्याकडून सोशल क्रेडिटला पाठिंब्याचं पत्र मिळवलं. १९ अधिक १. वयानं पंचाहत्तरी ओलांडलेल्या, आयुष्यभर डाव्या बाजूला उभ्या राहिलेल्या एका कामगार पुढाऱ्याच्या सहीनं उजवीकडे झुकलेल्या सरकारची बाजू जड झाली. १ ऑगस्ट १९५२ रोजी बेनेट यांचा शपथविधी झाला.

मंत्रिमंडळ बनवताना आणखी एक अडचण पुढे आली. एकोणीस आमदारांत वकील एकही नव्हता, मग अ‍ॅटर्नी जनरल कुणाला करायचं? बेनेट यांनी रॉबर्ट बॉनर या व्हँकूव्हरच्या तरुण वकिलाला आणि आयनार गंडरसन या लेखापालाला बाहेरून आणलं. कोलंबिया आणि सिमिलकमीन इथल्या आमदारांनी राजीनामे दिले आणि त्या जागांवरून हे दोघे पोटनिवडणुकीत निवडून आले. त्याच वर्षी आपल्याकडे मुंबई राज्यात मोरारजी देसाई विधानसभेची निवडणूक हरूनही मुख्यमंत्री झाले होते. १९५२ हे साल लोकशाहीच्या अशा वाटा-वळणांनी दोन्हीकडे भरलेलं होतं.

टिली रॉल्स्टन शिक्षणमंत्री झाल्या. कॅनडात स्वतःचं खातं सांभाळणारी ही पहिली महिला मंत्री. कॅम्लूप्सचे पाद्री फिल गॅग्लार्डी यांच्याकडे बांधकाम खातं आलं. इटालियन स्थलांतरिताचा हा मुलगा. कॅम्लूप्स म्हणजे थॉम्प्सन नदीच्या दोन शाखांचा संगम आणि रेल्वेचं जंक्शन. रस्त्याविना माल आणि माणसं अडकून पडणं म्हणजे काय, ते तिथल्या आमदाराला कुणी शिकवायला नको होतं. पुढे महामार्गमंत्री म्हणून त्यांनी डोंगर फोडून रस्त्यांचं जाळं विणलं. स्वतः गाडी एवढ्या वेगानं चालवत की त्यांना दंड झाल्याच्या बातम्या देशभर गाजल्या.

सरकार अल्पमतातलं होतं आणि बेनेट यांना ते तसं चालवायचं नव्हतं. मार्च १९५३ मध्ये शाळांच्या अनुदानाच्या विधेयकावर ते सभागृहात हरले आणि लगेच निवडणूक मागितली. ९ जूनला पुन्हा तीच आकड्यांची मतपत्रिका. या वेळी सोशल क्रेडिट २८, सीसीएफ १४, लिबरल ४, कॉन्झर्व्हेटिव्ह १ आणि मजूर पक्षाचे अपहिल, अर्थातच. विधेयक ज्यांच्या नावानं ओळखलं गेलं त्या रॉल्स्टन मात्र पॉइंट ग्रेमध्ये पडल्या. त्यांना कर्करोग झाला होता. ऑक्टोबरमध्ये त्यांचं निधन झालं.

स्वच्छ बहुमत मिळताच बेनेट सरकारनं पसंतीक्रमाची पद्धत रद्द केली. ज्या शिडीनं वर आलो ती काढून घेणं राजकारणात नवं नाही, तरी मला याचं वाईट वाटतं. या पद्धतीचा अनुभव त्या भागात होता. अल्बर्टात ती १९५५च्या निवडणुकीपर्यंत चालली. मॅनिटोबातल्या विनिपेगचे तर दहा आमदार एकाच मोठ्या मतदारसंघातून पसंतीक्रमानं निवडले जात. ब्रिटिश कोलंबियानं ती दोनदा वापरून टाकून दिली. पुढे २००५ साली तिच्याच कुळातल्या एका पद्धतीवर सार्वमत घेतलं गेलं. ५७ टक्क्यांहून अधिक लोक बाजूनं होते, पण अट ६० टक्क्यांची होती. बेनेट स्वतः १९७२पर्यंत, म्हणजे वीस वर्षं मुख्यमंत्री राहिले.

मतदार आपल्या आमदाराला कशावरून तोलतो, याचं एक कोडं बेनेट यांच्या काळात रॉसलंड-ट्रेल या मतदारसंघानं घातलं. ट्रेल म्हणजे जस्त आणि शिसं वितळवणाऱ्या प्रचंड भट्टीचं गाव. तिथले आमदार रॉबर्ट सॉमर्स, शाळेचे मुख्याध्यापक, वनमंत्री झाले. १९५५ साली लिल्लूएटचे आमदार गॉर्डन गिब्सन यांनी जंगल परवान्यांत पैसा फिरतो असा आरोप केला. आरोपाची तड लागावी म्हणून गिब्सन यांनी राजीनामा देऊन पोटनिवडणूक लढवली, आणि ते हरले. सॉमर्स मंत्रिपदावरून गेले, पण १९५६ साली त्यांच्या मतदारसंघानं त्यांना पुन्हा निवडून दिलं. १९५८ साली न्यायालयानं त्यांना लाचखोरीत दोषी ठरवून तुरुंगात पाठवलं. खरा आरोप करणारा पडला आणि ज्याच्यावर आरोप होता तो निवडून आला, हे दोन्ही निकाल लोकांनीच दिले होते.

आणि आता अ‍ॅटलिन. नकाशावर प्रांताच्या वायव्य टोकाला बोट ठेवा. १८९८च्या सुमारास सोन्याच्या शोधात माणसं इथे लोटली, सोनं आटल्यावर बहुतेक परतली. उरली ती मूळची माणसं. या मतदारसंघाच्या दक्षिण भागात नास नदीचं खोरं आहे आणि तिथे निसगा लोक अनादी काळापासून राहतात. त्यांनी ही जमीन कुणाला विकली नव्हती, युद्धात हरली नव्हती, करार करून दिली नव्हती. तरी कायद्याच्या लेखी ती सरकारची होती, आणि ज्या विधानसभेनं तसं ठरवलं तिच्यासाठी मत देण्याचा हक्क त्यांना १९४९पर्यंत नव्हता.

हक्क मिळाला त्याच वर्षीच्या निवडणुकीत अ‍ॅटलिननं फ्रँक काल्डर यांना सीसीएफकडून निवडून दिलं. नास नदीच्या मुखाजवळ १९१५ साली जन्मलेले काल्डर निसगा होते. वडीलधाऱ्यांनी त्यांना लहानपणापासून जमिनीच्या प्रश्नासाठीच घडवलं होतं. कायद्यानं ‘इंडियन’ म्हणून नोंद असलेला, कॅनडातल्या कुठल्याही विधिमंडळावर गेलेला हा पहिला माणूस. १९५२च्या उलथापालथीतही अ‍ॅटलिननं त्यांनाच निवडलं. आणि त्याच वेळी देशाच्या संसदेसाठी त्यांच्या लोकांना मतदान करता येत नव्हतं. हवं तर ‘इंडियन’ हा दर्जा सोडायचा, नाहीतर थांबायचं. तो हक्क १९६० साली आला. म्हणजे व्हिक्टोरियात बसून जो माणूस प्रांताचे कायदे करत होता, त्याच्या समाजाला ओटावातल्या खासदारासाठी मतपेटीपर्यंत जाण्याची परवानगी नव्हती.

१९४९च्या त्या निवडणुकीत आणखी काही लोक पहिल्यांदा रांगेत उभे राहिले होते, आणि इथे ही कथा आपल्या देशाशी येऊन भिडते. १९०७ साली ब्रिटिश कोलंबियानं कायदा करून भारतातून आलेल्या सर्वांचा मताधिकार काढून घेतला होता. हे बहुतेक पंजाबमधले शीख, लाकूड गिरण्यांत राबणारे. ब्रिटिश साम्राज्याचे प्रजाजन असूनही चाळीस वर्षं त्यांना मत नव्हतं. ते मिळालं १९४७च्या एप्रिलमध्ये, भारत स्वतंत्र व्हायच्या चार महिने आधी. १९५० साली मिशन या छोट्या गावात नरंजन सिंग ग्रेवाल नगर प्रशासनात निवडून आले, आणि १९५६ साली ड्यूडनी मतदारसंघातून सीसीएफचे उमेदवार म्हणून विधानसभेसाठी उभे राहिले. ते हरले. भारतीय वंशाचा आमदार त्या सभागृहात पोचायला १९८६ साल उजाडावं लागलं.

काल्डर १९५६ साली पडले, १९६० साली परत आले. १९५५मध्येच त्यांनी निसगांची परिषद उभी केली होती. तिच्या वतीनं त्यांनी स्वतःच्याच प्रांताच्या सरकारविरुद्ध दावा गुदरला आणि तो देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. ३१ जानेवारी १९७३ रोजी निकाल लागला. तांत्रिक मुद्द्यावर निसगा हरले. पण सातपैकी सहा न्यायाधीशांनी मान्य केलं की, युरोपीय येण्याआधी या लोकांचा जमिनीवर हक्क होता आणि कायदा तो ओळखतो. तो अजून शिल्लक आहे की नाही, यावर ते सहा जण तीन-तीन असे विभागले गेले. त्या हरलेल्या दाव्यानंतर केंद्र सरकारला वाटाघाटीची दारं उघडावी लागली. कायदा शिकणारे कॅनडातले विद्यार्थी आजही ‘काल्डर’ म्हणतात तेव्हा त्यांना हाच निकाल अभिप्रेत असतो.

१९७९ साली काल्डर अ‍ॅटलिनमधून शेवटचे उभे राहिले आणि एका मतानं हरले. खरोखरच एका.

निसगांशी करार व्हायला त्यानंतर वीस वर्षं लागली. ११ मे २००० रोजी तो अमलात आला. नास खोऱ्यातली सुमारे दोन हजार चौरस किलोमीटर जमीन आणि स्वतःचा कारभार चालवण्याचा अधिकार निसगांना मिळाला. काल्डर तेव्हा ८४ वर्षांचे होते. त्या दिवशी ब्रिटिश कोलंबियाच्या मुख्यमंत्रिपदावर होते उज्ज्वल दोसांझ, जालंधर जिल्ह्यातल्या दोसांझ कलाँ गावात जन्मलेले, व्हँकूव्हर-केन्सिंग्टन मतदारसंघाचे आमदार.